एकच प्रोग्राम, मेनूत तीनदा

वाचकाचं पत्र

नमस्कार. गेलं वर्षभर मी उबंटू २४.०४ ही लिनक्स सिस्टिम वापरते. काम मुखपृष्ठांचं आणि पुस्तकातल्या रेखाचित्रांचं. ज्या प्रोग्रामवर माझं सगळं काम चालतं, तो मेनूत आता तीनदा दिसतो. पहिला सिस्टिमच्या रेपोतून, म्हणजे तिच्या अधिकृत कोठारातून, डेब म्हणून घेतला होता. त्याचं व्हर्जन जुनं, म्हणून अ‍ॅप सेंटरमधून दुसरा, स्नॅपचा, घेतला. तो बाहेरच्या डिस्कवरच्या फाइली उघडेना, म्हणून तिसरा, फ्लॅटपॅकचा. त्यात माझी एक्स्टेन्शन्स आणि शॉर्टकट गायब! मागच्या आठवड्यात फाइलवर डबल क्लिक केलं, ती नेमकी जुन्यात उघडली, मी न बघता सेव्ह केली आणि एक इफेक्ट पार सपाट झाला. डिस्क किती भरली ते पाहायला गेले तर डझनभर ओळींपुढे १००%. एक सहकारी म्हणतात, स्नॅप मुळापासून उपटून टाका. दुसऱ्या म्हणतात, अ‍ॅपइमेज वापरा, कटकट नाही. मला कृपया एकच फॉरमॅट ठरवून द्या. बाकीचे मी काढून टाकते.
— मेनूत हरवलेली

उत्तर

नमस्कार. आधी त्या १००% चं बघू, म्हणजे निदान आजची झोप तरी लागेल. तुमची डिस्क भरलेली नाही. स्नॅपचं प्रत्येक पॅकेज म्हणजे दाबून बंद केलेली एकच मोठी फाइल असते. स्क्वॉशएफएस हे तिच्या घडणीचं नाव. सिस्टिम ती फाइल एखाद्या छोट्या डिस्कसारखी जोडून घेते, म्हणून यादीत 'लूप' नावाच्या ओळी दिसतात. या डिस्कवर काही लिहिता येत नाही आणि आत मोकळी जागा ठेवलेलीच नसते, त्यामुळे ती जन्मापासून १००% भरलेली. तुमच्या उबंटूत फायरफॉक्स स्नॅप आहे, अ‍ॅप सेंटर स्वतःही स्नॅपच आहे, शिवाय त्यांना लागणारे सामायिक भाग वेगळे. झाल्या डझनभर ओळी. खरा आकडा हवा असेल तर जिथे नुसती तिरपी रेघ लिहिलेली आहे ती ओळ पाहा.

आता 'एकच फॉरमॅट ठरवून द्या' याबद्दल. डेब, स्नॅप, फ्लॅटपॅक, अ‍ॅपइमेज हे प्रोग्राम पॅक करून पोचवायचे चार फॉरमॅट. तसं मी करणार नाही, आणि अंग चोरतोय असंही नाही. नवा प्रोग्राम घेताना मी स्वतः दोन गोष्टी विचारतो: हा पॅक कोणी केला, आणि उद्या यात खोट निघाली तर दुरुस्त केलेलं व्हर्जन माझ्यापर्यंत कोण आणून देणार? याची उत्तरं प्रोग्रामगणिक बदलतात. म्हणून माझ्या मशीनवर तीन फॉरमॅट सुखाने नांदतात. एकच प्रोग्राम मात्र दोनदा सापडणार नाही. तुमच्याकडे बिनसलं ते नेमकं इथे.

डेबपासून सुरुवात करतो, कारण 'बाकीचे काढून टाकते' म्हणताना तुम्ही त्याच्यावरही नजर टाकली असेल. त्याला हात लावू नका. तुमची अख्खी सिस्टिम डेब पॅकेजांचीच बनलेली आहे. एखादी डेब फाइल आर्काइव्ह मॅनेजरने उघडून बघाच कधी, आत तीनच वस्तू निघतात. एक इवलीशी फाइल, जिच्यात फॉरमॅटचा आकडा '२.०' एवढंच लिहिलेलं. दुसरा गठ्ठा माहितीचा: नाव, व्हर्जन, कोणकोणत्या लायब्ररी (अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरायचे कोडचे संच) आधी असायला हव्यात त्यांची यादी आणि काही छोट्या स्क्रिप्ट. तिसऱ्या गठ्ठ्यात प्रत्यक्ष फाइली, ज्या जाऊन सिस्टिमच्या ठरलेल्या फोल्डरांत बसतात. यातल्या स्क्रिप्टकडे लक्ष द्या. इन्स्टॉल करताना त्या रूटच्या हक्काने चालतात, म्हणजे त्यांना मशीनवर काहीही करायची मुभा असते. रेपोतल्या डेबच्या यादीवर वितरकाची सही असते, कुणीतरी ते डेब नजरेखालून घातलेलं असतं. कुठल्याशा वेबसाइटवरून उतरवलेल्या डेबवर डबल क्लिक करून पासवर्ड टाकणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देणं. हे भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. 'डेब म्हणजे सुरक्षित' असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, कुठलं डेब?

डेबची ताकद लायब्ररीच्या वाटणीत आहे. चित्रं वाचणारी एखादी लायब्ररी पन्नास प्रोग्राम मिळून वापरतात. तिच्यात भोक सापडलं की ती एकदा बदलायची, पन्नासही दुरुस्त. त्याची किंमत म्हणजे सगळ्यांनी एकाच ठेक्यात चालायचं. उबंटू २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं, तेव्हा रेपोतली व्हर्जन्स गोठली. त्यानंतर येतात त्या मुख्यतः सुरक्षेच्या आणि गंभीर बिघाडांच्या दुरुस्त्या. तुमचा पहिला प्रोग्राम जुना दिसतो तो यामुळे, कुणाच्या आळसामुळे नव्हे. एक बारीक अट मात्र फारशी कुणी सांगत नाही. उबंटूच्या रेपोत 'मेन' आणि 'युनिव्हर्स' असे विभाग आहेत, आणि डेस्कटॉपवरचे बरेचसे लोकप्रिय प्रोग्राम युनिव्हर्समध्ये येतात. तिथल्या पॅकेजांना सुरक्षा दुरुस्त्यांची हमी हवी असेल तर उबंटू प्रो चालू करावं लागतं. घरगुती वापराला ते पाच मशीनपर्यंत फुकट आहे. करून टाका. (फेडोरा किंवा ओपनसूसे वापरणाऱ्यांनी या दोन परिच्छेदांत डेबच्या जागी आरपीएम वाचावं. आतली रचना वेगळी, पण व्यवहार तोच.)

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येतो. एक्स्टेन्शन्स आणि शॉर्टकट गायब झालेले नाहीत, फक्त नव्या प्रोग्रामला ते दिसत नाहीत. डेबमधून घेतलेला प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज होममधल्या (तुमच्या स्वतःच्या फोल्डरातल्या) 'कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरात ठेवतो. फ्लॅटपॅकवाल्याची खोली वेगळी: 'व्हार' हा लपलेला फोल्डर, त्यात 'अ‍ॅप', त्यात त्या प्रोग्रामचं लांबलचक नाव. स्नॅपवाला बहुधा होममध्ये उघड दिसणाऱ्या 'स्नॅप' फोल्डरात संसार मांडतो. प्रोग्राम एक, पण स्मरणं तीन. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, लपलेलं सगळं दिसू लागेल.

हे असं मुद्दाम केलेलं आहे. फ्लॅटपॅक प्रोग्रामला एका पेटीत चालवतो, ज्याला सँडबॉक्स म्हणतात. पेटीतल्याला बाहेरचं दिसतं ते तुम्ही किंवा पॅक करणाऱ्याने दिलेल्या खिडकीतून. फाइल उघडताना येणारा डबा, ज्याला ही मंडळी पोर्टल म्हणतात, तो प्रत्यक्षात पेटीच्या बाहेर चालतो आणि तुम्ही निवडलेली तेवढीच फाइल आत सरकवतो. कल्पना मला फार आवडते, पण तुमच्या धंद्यात ती कुठे चावेल ते सांगतो. समजा मुखपृष्ठाच्या फाइलमध्ये तुम्ही फोटो आत भरलेला नाही, नुसता जोडलेला आहे, आणि तो फोटो शेजारच्याच फोल्डरात आहे. पोर्टलने आत दिली फक्त मुखपृष्ठाची फाइल. फोटोच्या जागी लाल फुली किंवा रिकामा चौकोन! फाइल बिघडली असं वाटून लोक हबकतात. फ्लॅटसील नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे. त्यात प्रत्येक फ्लॅटपॅकच्या परवानग्या बटणांसारख्या दिसतात, आणि कामाच्या फोल्डराला तिथून वाट करून देता येते.

याचीच दुसरी बाजू अशी की चित्रांचे आणि ऑफिसचे बरेच फ्लॅटपॅक ही अडचण टाळण्यासाठी आधीच अख्ख्या होमची परवानगी मागून बसलेले असतात. अशा वेळी पेटी नावापुरती उरते. ज्याला तुमच्या होममध्ये लिहिता येतं, त्याला टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्येही दोन ओळी घुसवता येतात, आणि त्या ओळी पेटीबाहेर चालतात. तेव्हा 'सँडबॉक्स आहे ना' म्हणून कुठलाही प्रोग्राम डोळे मिटून घ्यायचा नाही. फ्लॅटहबवर, म्हणजे फ्लॅटपॅकच्या मुख्य दुकानात, प्रत्येक प्रोग्रामच्या पानावर परवानग्या लिहिलेल्या असतात, आणि मूळ निर्मात्यांनीच तो दिला असेल तर 'व्हेरिफाइड' अशी खूणही. खूण नसलेले प्रोग्राम वाईट असतात असं नाही. बरेचसे स्वयंसेवक मनापासून पॅक करतात. पण मी वर विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं ते या खुणेत.

जागेचं म्हणाल तर फ्लॅटपॅकचा पहिला प्रोग्राम महाग पडतो. त्याच्यासोबत रनटाइम नावाचा पायाभूत संच येतो, काही शे एमबीचा. पण त्याच पायावर उभा राहणारा दुसरा प्रोग्राम स्वस्तात येतो, आणि सारख्या फाइली डिस्कवर एकदाच साठवल्या जातात. जुने रनटाइम मागे साचतात, विशेषतः एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हरच्या प्रत्येक अपडेटबरोबर एक. फ्लॅटपॅकच्या अनइन्स्टॉल आज्ञेला 'अनयूज्ड' हा पर्याय जोडून दोनतीन महिन्यांतून एकदा चालवा, भरपूर जागा सुटते.

सहकाऱ्यांच्या स्नॅपद्वेषाबद्दल. त्यांच्या रागात तथ्य आहे. स्नॅपचं दुकान एकच, उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीचं, आणि त्याचा सर्व्हरकडचा कोड खुला नाही. फ्लॅटपॅकला हवं तर कुणीही आपला रेपो उभारू शकतं. उबंटूवर तुम्ही एपीटीने (डेब बसवणाऱ्या आज्ञेने) फायरफॉक्स मागितला तरी हातात स्नॅप पडतो, हे अनेकांना फसवणुकीसारखं वाटलं. उबंटूवरच बेतलेल्या लिनक्स मिंटने तर २०२० मध्ये, आवृत्ती २० पासून, स्नॅपला दारातच अडवलं. सुरुवातीला पहिल्यांदा उघडताना लागणारा वेळही वैताग आणणारा होता. आता तो बराच कमी झालाय.

पण 'मुळापासून उपटा' हा सल्ला तुमच्यासाठी चुकीचा आहे. उपटलंत की ब्राउझर जाईल, अ‍ॅप सेंटर जाईल, आणि त्या जागी काय आणायचं, ते कसं अपडेट ठेवायचं याचा नवा अभ्यास मागे लागेल. ज्यांना तो छंद आहे त्यांनी खुशाल करावा. तुम्हाला मुखपृष्ठं करायची आहेत. शिवाय स्नॅपच्या दोन गोष्टी खरोखर चांगल्या आहेत. तो दिवसातून चार वेळा स्वतःहून अपडेट तपासतो, त्यामुळे ब्राउझरसारखा रोज वाऱ्यावर उभा असलेला प्रोग्राम तुम्ही विसरलात तरी ताजा राहतो. आणि नवं व्हर्जन फसलं तर 'रिव्हर्ट' म्हणून मागच्यावर परत जाता येतं, कारण ते तिथेच ठेवलेलं असतं. डेबमध्ये मागे फिरणं केवढं जिकिरीचं असतं ते एकदा करून पाहिलेल्यालाच विचारा.

बाहेरच्या डिस्कची तुमची अडचण तर एका ओळीची होती. स्नॅपला 'रिमूव्हेबल मीडिया' ही परवानगी सहसा आपोआप मिळत नाही. टर्मिनलमध्ये 'स्नॅप कनेक्ट', पुढे प्रोग्रामचं नाव, मग विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि त्या परवानगीचं इंग्रजी नाव दिलं असतं की काम झालं असतं. तिसरी प्रत घ्यावीच लागली नसती. पण प्रोग्राम सांगतो काय, तर 'फाइल उघडता आली नाही'. कारण सांगायची पद्धत नाही. यासाठी मात्र सहकाऱ्यांच्या सुरात सूर मिसळून मीही बोटं मोडतो.

दुकानांवरच्या विश्वासाची परीक्षा २०२४ च्या पहिल्या काही महिन्यांत दोनदा झाली. स्नॅपच्या दुकानात नकली क्रिप्टो वॉलेट शिरली आणि लोकांचे पैसे गेले. मार्चपासून तिथे नव्या नावांची नोंदणी माणसांकडून तपासली जाऊ लागली. त्याच मार्चच्या अखेरीस अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये पेरलेला चोरदरवाजा सापडला, तोही लॉगिन थोडं हळू का होतंय याचा छडा लावताना. ती व्हर्जन्स डेबियनच्या (उबंटू जिच्यावर बेतलेलं आहे त्या सिस्टिमच्या) चाचणीच्या शाखांपर्यंत पोचली होती. स्थिर शाखेत मात्र पोचली नव्हती, कारण ती जुन्या व्हर्जनवरच थांबलेली होती. तुमच्या पहिल्या प्रोग्रामचा 'जुनेपणा' आणि हा बचाव, दोन्हींचं मूळ एकच.

अ‍ॅपइमेजवर लवकर उरकतो. एक फाइल, तिला चालवायची परवानगी द्यायची, डबल क्लिक, झालं. सायमन पीटर यांनी २००४ मध्ये 'क्लिक' नावाने ज्याची सुरुवात केली त्याचंच हे पुढचं रूप. इन्स्टॉल नाही, रूट नाही, नको झालं की फाइल काढून टाकायची. नवं व्हर्जन घेण्याआधी तासभर चाखून पाहायला याच्यासारखं काही नाही. पण याला स्वतःची पेटी नसते, मेनूत चिन्ह आपोआप येत नाही, आणि अपडेट कोण आणणार याचं बहुतेक वेळा उत्तर आहे: तुम्ही. इंग्रजीखेरीज इतर लिपीत टाइप करणाऱ्यांना आणखी एक काटा लागू शकतो. आत भरलेल्या लायब्ररींत कीबोर्ड बदलणारा भाग नसला तर त्या खिडकीत रोमन अक्षरंच उमटत राहतात. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. नोंदी ठेवायचा एक प्रोग्राम मी अ‍ॅपइमेज म्हणून उतरवला आणि डाउनलोड्समध्येच ठेवून वापरत राहिलो. फाइलच्या नावातच व्हर्जनचा आकडा होता, रोज डोळ्यांसमोर. दोन वर्षांनी एका मित्राने विचारलं, 'तू अजून यावर?' तोवर अकरा व्हर्जन्स येऊन गेली होती. दोष प्रोग्रामचा नव्हे, माझाच. पण मी माझ्या आळसाचा हिशेब धरूनच फॉरमॅट निवडतो.

तर तुमच्या मशीनवर काय करायचं? तुम्हाला ताजं व्हर्जन लागतं, आणि ऐन कामात प्रोग्राम आपसूक बदललेला चालणार नाही. म्हणून फ्लॅटपॅकची प्रत ठेवा, अट एवढीच की फ्लॅटहबवर तिच्यापुढे व्हेरिफाइडची खूण असावी. ती नसेल आणि अ‍ॅप सेंटरमधली प्रत निर्मात्यांची असेल, तर स्नॅप ठेवा, डिस्कची परवानगी द्या आणि मोठं काम चालू असताना 'होल्ड' लावून अपडेट थोपवा. फ्लॅटपॅक ठेवलात तर एक जबाबदारी तुमच्यावर येते. उबंटूचं अ‍ॅप सेंटर फ्लॅटपॅककडे बघतही नाही, तेव्हा 'फ्लॅटपॅक अपडेट' आठवड्यातून एकदा तुम्हीच चालवायचं. ज्या दिवशी बॅकअप घेता त्याच दिवशी करा.

काढण्याआधी सामान हलवा. तीनही खिडक्या बंद करा. कॉन्फिगमधल्या त्या प्रोग्रामच्या फोल्डरातून एक्स्टेन्शन्स आणि शॉर्टकटच्या फाइली उचलून फ्लॅटपॅकच्या खोलीतल्या 'कॉन्फिग'मध्ये, त्याच नावाच्या फोल्डरात ठेवा. जुन्याकडून नव्याकडे सेटिंग्ज सहसा नीट जातात, उलट दिशेने नाही. बाहेरच्या एखाद्या प्रोग्रामला हाक मारणारं एक्स्टेन्शन पेटीत चालेलच असं नाही, तेवढं तपासा. आठवडाभर काम करा. मग डेबची प्रत काढा (होममधल्या सेटिंग्जना त्याने धक्का लागत नाही) आणि स्नॅपचीही. स्नॅप काढताना त्यातल्या डेटाची एक प्रत सिस्टिम आपोआप बाजूला ठेवते, ३१ दिवस. 'पर्ज' म्हणालात तर ठेवत नाही, म्हणून म्हणू नका.

शेवटी कामाच्या एखाद्या फाइलवर उजवं क्लिक करून 'ओपन विथ'मध्ये उरलेला एकमेव प्रोग्राम कायमचा नेमून द्या. त्या सपाट झालेल्या इफेक्टची फाइल बॅकअपमधूनच मिळाली तर मिळेल. जुन्या व्हर्जनने सेव्ह करताना जे टाकून दिलं ते नव्याला परत आणता येत नाही.

ता. क. अ‍ॅपइमेज चाखून पाहावंसं वाटलं आणि 'फ्यूज नाही' अशी तक्रार आली, तर फक्त 'लिबफ्यूज२' ही लायब्ररी घ्या. २४.०४ मध्ये तिच्या नावामागे 'टी६४' असं शेपूट आहे. नुसतं 'फ्यूज' नावाचं पॅकेज घेऊ नका. ते जुनं आहे, आणि आत येताना डेस्कटॉपला लागणारी इतर पॅकेजं बाहेर काढू शकतं. एपीटी 'ही पॅकेजं काढली जातील' अशी यादी दाखवतं. ती यादी अनपेक्षितपणे लांब दिसली, तर 'एन' दाबा.